ज्यांच्या घरचे दुकान नाही, त्या मुलांसाठी : बडोद्याच्या व्यापारी मंडळींना खुले पत्र

रावपुरा, मंगळ बाजार, मांडवी, दांडिया बाजार, सयाजीगंज, अलकापुरी आणि शहरातल्या सर्व बाजारपेठांमधील दुकानदार, व्यावसायिक आणि व्यापारी मंडळांचे पदाधिकारी यांना,



एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे, ती आधीच सांगून टाकते. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी प्रत्येकाने शाळेत शिकणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाला किंवा मुलीला अर्धवेळ काम द्यावे. तास ठरलेले असावेत, पगार ठरलेला असावा आणि ते कायद्यात बसणारे असावे. देताना ओळख, आडनाव, जात विचारू नये. उपकार म्हणून ते देऊ नका. काम म्हणून द्या आणि कामाचा दाम म्हणून पैसे द्या.

मी या शहरात अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवते. मार्चमध्ये बोर्डाचे पेपर संपले की मुले विचारू लागतात, "मॅडम, कुठे काम मिळेल का?" विचारणारी सगळीच अडचणीतल्या घरांतली नसतात. कुणाला क्लासच्या फीसाठी घरी हातभार लावायचा असतो, कुणाला स्वतःच्या पैशांनी सायकल किंवा मोबाइल घ्यायचा असतो, कुणाला नुसतेच घरात बसवत नाही. दहावीचा विद्यार्थी मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत मोकळा असतो. इतरांनाही उन्हाळ्याचे पाच आठवडे आणि दिवाळीचे तीन आठवडे मिळतात. अंगात बळ आहे, डोक्यात हौस आहे, कुणी काही सोपवले तर ते करून दाखवायची इच्छा आहे. आणि एवढ्या मोठ्या, एवढ्या जुन्या व्यापारी शहरात त्यांना सोपवायला आपल्याकडे काही नाही.

गेल्या सुट्टीत अशाच एका विद्यार्थ्याबरोबर मी बाजारात फिरले. सतरा वर्षांचा, अकरावी पास झालेला मुलगा. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कशीटची झेरॉक्स, आधार कार्डाची झेरॉक्स आणि वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेला अर्ज. अर्ज गुजरातीत होता आणि खाली त्याने मराठीत सही केली होती. इस्त्री केलेला शर्ट, पायात शाळेचेच काळे बूट. मी मुद्दामच चार पावले मागे राहत होते, कारण बोलायचे त्याने होते.

एका दुकानात अर्ज हातातही न घेता मालकांनी विचारले, "अढार पूरा थया?" म्हणजे, अठरा पूर्ण झाली का? नाही म्हणताच मान हलली आणि संभाषण संपले. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न आला, "कोनो दीकरो?" म्हणजे, कुणाचा मुलगा? वडिलांचे नाव त्याने सांगितले, पण ते नाव दुकानातल्या कुणाच्या ओळखीचे निघाले नाही. मग "जोइशुं, कहेशुं" (बघू, कळवू) झाले. आणखी एका दुकानात मात्र लगेच होकार मिळाला. वेळ सकाळी नऊ ते रात्री दहा, सुट्टी सणावारी, पगार बघू, आणि पहिले पंधरा दिवस शिकाऊ म्हणून फुकट. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी नको म्हणाले. परत येताना सूरसागरच्या काठाने तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एकच विचारले, "मॅडम, अर्जात काही चुकले का?"

अर्जात काहीही चुकले नव्हते. चुकते आहे ते आपल्या बाजूने, आणि त्याच्याबद्दलच मला तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचे आहे.

पहिला प्रश्न वयाचा. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला कामावर ठेवले तर लेबर खात्याची धाड पडेल, ही तुमची भीती मला समजते. दर वर्षी १२ जूनला जागतिक बालकामगारविरोधी दिन येतो, त्या सुमारास तपासण्या होतात, वर्तमानपत्रात छायाचित्रे येतात. बालमजुरीविरुद्धची ही दक्षता हवीच आहे. पण त्या भीतीपोटी आपण कायद्यात नसलेली बंदी स्वतःच घालून घेतली आहे. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ साली दुरुस्त झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे त्याने पूर्ण बंद केले. त्याला अपवाद दोनच, शाळा सांभाळून घरच्या बिनधोक कामात केलेली मदत आणि काही अटींवर कलाकार म्हणून काम. चौदा ते अठरा या वयाला मात्र त्याने 'किशोरवयीन' असे वेगळे ठेवले. त्यांना खाणी, स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थ, कारखान्यांतील धोकादायक प्रक्रिया यांपासून दूर ठेवले आणि बाकीच्या कामांसाठी नियम घालून दिले.

हे नियम दुकानात बसून समजतील इतके सोपे आहेत. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. तीन तासांनंतर निदान तासभर विश्रांती. विश्रांती आणि कामासाठी थांबण्याचा वेळ धरून दिवसाचे एकूण सहा तासच. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. दुकानात एक नोंदवही, तिच्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, कामाच्या व विश्रांतीच्या वेळा आणि कामाचे स्वरूप. आणि किशोरवयीन मुलाला कामावर घेतल्याचे तीस दिवसांत निरीक्षकांना लेखी कळवायचे. एवढे केले की चोरटेपणा संपला आणि भीतीही संपली.

म्हणजे पेट्रोल पंप नको, फटाक्यांचा स्टॉल नको, नंदेसरीचे रसायनांचे कारखाने तर मुळीच नकोत. पण पुस्तकांचे दुकान, कापडाचे दुकान, भेटवस्तू, लग्नपत्रिका, चष्मे, खेळाचे सामान, झेरॉक्स आणि छपाई, हिशेबनिसाचे ऑफिस, रोपवाटिका, यांत अडचण कसली? मी तर चौदा-पंधराच्या मुलांसाठीही मागत नाही, दहावी पार केलेल्यांसाठी मागते आहे. सकाळी नऊ ते बारा, एक तास विश्रांती, पुन्हा एक ते तीन. सहा तासांत सगळे बसते. दुपारी मुलगा घरी जेवतो आणि संध्याकाळी मैदानात खेळतो. शाळा सुरू झाल्यावर शनिवार-रविवारचे काही तास त्याने केले तरी त्याच्या अभ्यासाला धक्का लागत नाही.

दुसरा प्रश्न, "कोनो दीकरो?" हा प्रश्न तुमच्या तोंडी सहज येतो. गल्ल्याजवळ कुणाला उभे करायचे तर विश्वास हवा, हे खरे आहे. पण या शहरात हा प्रश्न विचारताना आपण जरा थांबले पाहिजे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली तो बडोद्यात परत आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराजांची नोकरी मिळाली, पण शहरात राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून ते एका पारशी सराईत राहिले. जात कळल्यावर लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढले. मित्रांनीही सबबी सांगितल्या. गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कमाटी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. बागेतली ती जागा आज 'संकल्प भूमी' म्हणून ओळखली जाते आणि आपण तिथे जाऊन हात जोडतो. हात जोडायचे असतील तर त्या दिवसाचा धडाही घेतला पाहिजे. कुणाचा कोण, हे विचारून या शहराने आपल्या सर्वांत मोठ्या तरुणाला दारातून परत पाठवले. आता काम मागायला आलेल्या मुलाला त्याचे अक्षर कसे आहे, त्याला हिशेब येतो का, तो वेळेवर येईल का, हे विचारा. ओळख हवी असेल तर शाळेचे पत्र मागा. आम्ही शिक्षक ते आनंदाने देऊ आणि त्याची जबाबदारीही घेऊ.

विश्वासाबद्दल आणखी एक सांगायचे आहे. श्रावण सरत आला की हीच मुले गणेश मंडळाची पावतीपुस्तके घेऊन तुमच्या दुकानात येतात. तुम्ही त्यांच्या हातात वर्गणीच्या नोटा देता आणि पावती खिशात ठेवता. त्या पैशांचा हिशेब ती मुले मंडळाच्या खजिनदाराला पै-पैचा देतात, मांडवाच्या वर्क ऑर्डरपासून आरतीच्या वेळापत्रकापर्यंत सगळे सांभाळतात, दहा दिवस उभे राहून मूर्तीची राखण करतात. वर्गणीच्या वेळी ज्याच्यावर विश्वास ठेवता, त्याच्यावर सुट्टीच्या दिवसांत काउंटरपाशीही ठेवायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट पगाराची. 'शिकायला मिळतेय ना' असे म्हणून पंधरा दिवस, महिना फुकट राबवून घेणे हे शिकवणे नव्हे. त्याने मुलाच्या मनावर पहिल्याच कामात एक गोष्ट कोरली जाते, की आपल्या वेळेला किंमत नाही. पुढे तोच मुलगा कंपनीत गेला की कमी पगारावर मान खाली घालतो, किंवा स्वतः मालक झाला की दुसऱ्याला फुकट राबवतो. किमान वेतनाच्या हिशेबाने तासाचा दर काढा, पहिल्या दिवसापासून द्या, आणि आठवड्याचा पगार शनिवारी थकवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मूल बँकेत स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू शकते. पगार त्या खात्यात जमा करा. पासबुकात स्वतःच्या कमाईची पहिली नोंद पाहिलेला मुलगा पैशाकडे वेगळ्या नजरेने बघतो, हे वर्गात ताळेबंद शिकवताना मला स्पष्ट जाणवते. ज्याने कधी स्वतः कमावले आहे, त्याला 'नफा' आणि 'रोख' यांतला फरक फळ्यावर समजावावा लागत नाही.

आता पत्राच्या मुळाशी येते. तुमची स्वतःची मुले सुट्टीत काय करतात? दुकानात येतात. आजोबांच्या शेजारी गल्ल्यावर बसतात. गिऱ्हाईक आल्यावर उठून उभे राहायचे, कापड ओढून दाखवायचे, 'नाही' हा शब्द न वापरता नाही कसे म्हणायचे, उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे ती बघत-बघत शिकतात. तुम्हीही असेच शिकलात. पहिली नोकरी तुम्हाला शोधावी लागली नाही, कारण ती घरातच होती.

बडोद्याच्या बहुतेक मराठी घरांत ते दुकान नव्हते. आजोबा-पणजोबा गायकवाड सरकारच्या दफ्तरात, फौजेत, शाळाखात्यात होते. पुढच्या पिढीतले वडील रिफायनरीत, जीएसएफसीत, अलेम्बिकमध्ये किंवा रेल्वेत लागले. घर नोकरीवर चालले. त्या घरांतल्या मुलांना बाजार माहीत असतो तो गिऱ्हाईक म्हणून. काउंटरची दुसरी बाजू त्यांनी कधी पाहिलेलीच नसते. जी गोष्ट मराठी नोकरदाराच्या मुलाची, तीच गुजराती शिक्षकाच्या, रिक्षावाल्याच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाची. व्यवहाराची ही शाळा या शहरात जागोजाग भरलेली आहे, पण प्रवेश मात्र वारशाने मिळतो. मला हेच बदलायला हवे आहे. ज्याच्या घरचे दुकान नाही, त्यालाही काउंटरमागे उभे राहायला जागा मिळाली पाहिजे.

तिथे नेमके काय शिकायला मिळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी एक उदाहरण देते. जूनच्या पहिल्या आठवड्यात वह्या-पुस्तकांच्या दुकानात आई-वडिलांची रांग लागते. प्रत्येकाच्या हातात शाळेने दिलेली यादी. माझी एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी अशा एका दुकानात सकाळच्या वेळेत काम करत होती. यादी हातात आली की ती आधी एकदा पूर्ण वाचायची. मग वरच्या फळीवरून फुलस्केप वह्या, मधल्या फळीवरून पुस्तके, खालून कंपासपेट्या. चार रेघी, एक रेघी, चौकटीच्या वह्या वेगळ्या ढिगात. शेवटी यादीवर प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने खूण. मराठी आजीशी मराठीत, गुजराती काकांशी गुजरातीत, परप्रांतातून बदलून आलेल्या साहेबांशी हिंदीत. कुणी म्हणाले, अमुक शाळेची वही नाही का, तर ती सांगायची की परवा येईल, नंबर द्या, फोन करते. आणि फोन खरेच करायची, कारण मालकांनी तिला तेवढी जबाबदारी दिली होती. आठवड्याभरात कुठले पुस्तक संपत आले हे मालकांच्या आधी तिला कळू लागले. सुट्टी संपल्यावर ती वर्गात आली तेव्हा 'साठा नोंदवही' हा धडा तिनेच मुलांना समजावला. त्या दुकानदारांचे नाव मी इथे लिहीत नाही, पण त्यांना मनापासून धन्यवाद.

असे काम या शहरात बारा महिने आहे. जानेवारीत उत्तरायणाआधी पतंग आणि फिरक्यांच्या बाजारात दिवसभर माणसे कमी पडतात. मांजा सुतवण्याच्या कामाला मुलांना लावू नका, पण पतंगांची मोजणी, पॅकिंग, बिल करायला हरकत नाही. जूनमध्ये शाळेचा बाजार. गणपतीत सजावटीचे सामान. नवरात्रीआधी चणिया-चोळीची दुकाने भरभरून वाहतात. गरबा रात्री असतो आणि तिथे काम द्यायला कायदा परवानगी देत नाही. द्यायलाही नको. पण दुकानांतली खरेदी दिवसा होते. दिवाळीत मिठाई-फरसाणाच्या दुकानांत खोके बांधणे, ऑर्डरी लिहून घेणे, भेटीच्या टोपल्या सजवणे. हंगामात तुम्ही माणसे शोधत असता आणि मुले काम शोधत असतात. दोघे एकाच रस्त्यावरून जातात आणि भेटत नाहीत.

मुलींबद्दल वेगळे लिहिते, कारण त्यांना विचारणारे आणखी कमी असतात. घरचे म्हणतात उशीर होईल, दुकानदार म्हणतात जबाबदारी कोण घेणार. इथे कायद्याची अट आपल्या मदतीला येते. संध्याकाळी सातनंतर काम करून घ्यायचेच नाही, त्यामुळे उशीर व्हायचा प्रश्न येत नाही. दुकानात आणखी एक बाई कामाला असावी, स्वच्छ स्वच्छतागृह असावे, बसायला स्टूल असावे. एवढे असेल तर मुलगी नको म्हणायला कारण राहत नाही. एका वेळी दोन मुलींना काम दिलेत तर आई-वडिलांचे मन लवकर वळते, असा माझा अनुभव आहे.

हे पत्र व्यापाऱ्यांना लिहिले असले तरी पालकही ते वाचतील, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. "एवढी काय वेळ आली आपल्यावर?" हे वाक्य मी अनेक मराठी घरांत ऐकले आहे. न्यू जर्सीला गेलेल्या आपल्याच भावाचा मुलगा उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करतो, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. ब्रिटनमध्ये तेराव्या वर्षापासून स्थानिक कौन्सिलच्या परवान्याने हलके काम करता येते. जर्मनीत पंधरा वर्षांवरील शाळकरी मुलांना सुट्टीत वर्षाला चार आठवड्यांपर्यंत काम करायची मुभा आहे. तिथे असे काम स्वावलंबनाचा भाग मानले जाते. मग आपला मुलगा रावपुऱ्यात कापड मोजू लागला तर आपली मान खाली का जावी?

आणि हा विचार परदेशातून आणायची गरजही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हे तिचे सूत्र केले. वसतिगृहातली मुले शेतात, स्वयंपाकघरात, बांधकामावर राबायची आणि शिकायची. १९४० साली साताऱ्यात त्यांनी हायस्कूल काढले, त्याला नाव दिले महाराजा सयाजीराव यांचे. पुढे नाव बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी चालून आली, ती कर्मवीरांनी नाकारली, ही गोष्ट साताऱ्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आजही चालू आहे. ज्या राजाने १९०६ साली आपल्या सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १८९० साली कलाभवन काढून मुलांच्या हातांना कारागिरी शिकवली, त्याच्याच राजधानीत आज शिकणाऱ्या मुलाला चार तासांचे काम मिळू नये, हे मला पटत नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याजवळ शिकावे आणि सहावी ते बारावीपर्यंत सुट्टीतही अशा संधी मिळाव्यात. धोरण कागदावर आहे. त्याला दुकान तुम्ही द्यायचे आहे.

एक गोष्ट ठासून सांगते, म्हणजे या पत्राचा कुणी गैरफायदा घेऊ नये. मी शाळा सुटलेल्या मुलांच्या मजुरीसाठी ही मागणी करत नाही. चहाच्या टपरीवर कप धुणारा बारा वर्षांचा मुलगा, गॅरेजमध्ये ऑइलने माखलेला 'छोटू', घरकामाला ठेवलेली गावाकडची मुलगी, यांची जागा शाळेत आहे. त्यांना कामावर ठेवणे गुन्हा आहे आणि त्याबद्दल सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती व्हायलाच हवी. माझी मागणी शाळेत नाव असलेल्या, परीक्षा देणाऱ्या, पालकांची संमती असलेल्या किशोरवयीनांसाठी आहे. त्यांचे शिक्षण थांबत असेल तर ते काम नकोच.

म्हणून प्रत्येक बाजारपेठेच्या व्यापारी मंडळाला माझी विनंती अशी आहे.

मार्च संपण्याआधी आपल्या भागातील किती दुकाने सुट्टीतले काम देऊ शकतात याची यादी करा आणि ती मंडळाच्या फलकावर लावा. जवळच्या शाळांना, ग्रंथालयांना, गणेश मंडळांना तिच्या प्रती द्या.

कामावर घेताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून द्या : काम कोणते, वेळ कोणती, तासाचा दर किती, साप्ताहिक सुट्टी कोणती आणि काही अडचण आल्यास कुणाशी बोलायचे. त्यावर पालकांची सही घ्या. ठेव म्हणून पैसे किंवा मूळ कागदपत्रे ठेवून घेऊ नका.

मालातले काही फुटले, हिशेबात दहा-वीस रुपयांची चूक झाली, तर पगारातून कापू नका. बसवून समजवा. तुमच्या वडिलांनी तुमचा पगार कापला नव्हता.

परीक्षेच्या काळात न मागताच सुट्टी द्या.

आणि काम संपल्यावर दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळींचे पत्र द्या. मुलाने काय केले, किती दिवस केले, कसे केले. महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रवेश घेताना त्याला गुणांची मदत होईल, पण पुढची नोकरी मागताना त्याला हे पत्र उपयोगी पडेल. त्याच्या फोल्डरमध्ये मार्कशीटच्या झेरॉक्सबरोबर तेही राहील.

याला भांडवल लागत नाही, सरकारी अनुदान लागत नाही. प्रत्येक दुकानामागे एक मूल, इतकेच मागते आहे. एका बाजारपेठेने हे एक सुट्टीभर करून दाखवले तर दुसरी आपोआप पुढे येईल, कारण व्यापारी व्यापाऱ्याचे बघून शिकतो.

तेव्हा पुढच्या वेळी फोल्डर घेतलेला एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्या दारात उभी राहिली, तर अर्ज हातात घ्या, पूर्ण वाचा आणि विचारा, "उद्यापासून येतोस का?" बाकीची जबाबदारी आम्ही शिक्षक घेऊ.

आपली नम्र,
बडोद्यातील एक शिक्षिका